सीमाभागातील खेळगटांचा आणि चाहत्यांच्या गटांचा अभ्यास कसा करावा

ऑनलाइन खेळांवर किंवा चाहत्यांच्या गटांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील विद्यार्थ्यांनी प्रश्नावली वाटण्याची घाई करू नये. आधी काही महिने त्या गटात वावरावे, खेळावे आणि आपण संशोधक आहोत हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. टॉम बेलस्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी २००४ पासून ‘सेकंड लाइफ’ या आभासी विश्वात असेच क्षेत्रकार्य केले आणि तेथील रहिवाशांना बाहेर गाठून त्यांची खरी ओळख पडताळण्याचा आग्रह धरला नाही. ही भूमिका आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरील ऑनलाइन खेळाच्या एका संघातले चौघे पुष्कळदा एकाच गल्लीतले किंवा एकाच कॉलेजातले असतात आणि सामन्यातले भांडण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पुढे चालू राहते. म्हणून खेळाची आणि कट्ट्याची टिपणे एकाच वहीत ठेवावीत.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. माइक सुरू असताना एकच मुलगा एका साथीदाराला ‘लवकर ये’ आणि दुसऱ्याला त्याच अर्थाचे कन्नड ‘बेग बा’ म्हणतो. तेव्हा ‘मिश्र भाषा’ असा शेरा मारून मोकळे न होता, कोण कोणाला खेळाच्या कोणत्या क्षणी काय म्हणाले, हे त्याच रात्री लिहून काढावे. उशिरा आठवून लिहिलेले संवाद नकळत प्रमाण मराठीत उतरतात. १ नोव्हेंबरच्या आसपासची टिपणे तर चुकवूच नयेत. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातील मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिवस एकाच तारखेला येत असल्याने, एरवी सिनेनटापलीकडे काही न बोलणाऱ्या गटातही कोणाचे प्रोफाइलचित्र बदलले, कोण अचानक गप्प झाले, अॅडमिनने संदेश बंद केले का, हे पाहण्यासारखे असते. त्या दिवशी प्रश्न मात्र विचारू नयेत.

हीच सामग्री सर्वांत जोखमीची असते. खुल्या गटातील वाक्य जसेच्या तसे छापले, तर ते शोधयंत्रात टाकून लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचता येते; बंद गटातले असेल, तर सदस्यच ते ओळखतात. त्यामुळे टोपणनाव आणि गाव बदलावे, आशय आपल्या शब्दांत मांडावा आणि शब्दशः अवतरण हवेच असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी. खेळाडू १८ वर्षांखालील असल्यास पालकांची संमती मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्यांना वाचता येईल त्या भाषेत घ्यावी. स्क्रीनशॉट शक्यतो देऊच नयेत, कारण नाव झाकले तरी संघाचे चिन्ह उघडे राहते.