आजारी कुत्रं दत्तक देताय? गोळी देणारा दुसरा माणूस आधी बघा

रेबीजची लस, जंताचं औषध, नसबंदी, बरे फोटो. हे झालंच असणार, पुढं चला.

आजाराचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. "जरा अशक्त आहे", "पायात थोडंसं आहे" असं म्हणून कुत्रं खपवायचं नाही. फिट येत असेल तर फिट येते म्हणा, आणि मोबाईलवर तिचा व्हिडिओ असेल तर तोच दाखवा. बरेच जण त्यानंतर फोन उचलत नाहीत. नाही तर नाही, कुत्रं नेऊन परत आणून सोडण्यापेक्षा ते बरं.

जे बरं होण्यासारखं आहे ते बरं करूनच द्या. गोचिडतापात डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं, पण आठवड्यात कुत्रं उड्या मारायला लागलं की घरचे गोळ्या बंद करतात. खरूज असेल तर कातडी खरवडून तपासून घ्या. खरजेच्या दोन जातींपैकी डेमोडेक्स माणसाला लागत नाही, सारकॉप्टिक लागते, आणि घरातल्या पोराला खाज सुटली की तुमचं पुढचं कुत्रं त्या गल्लीत कोणी घेणार नाही. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर उडत राहतो. हे आधी सांगा, नाहीतर थंडी वाजतेय म्हणून लोक त्याच्यावर गोधड्या टाकत बसतात.

आता मुख्य गोष्ट. घर बघायला गेलात की विचारा, तुम्ही नसाल तेव्हा गोळी कोण देणार? "आई आहे की घरात" हे उत्तर धरायचं नाही. त्या आईंना समोर बोलवा, गोळी त्यांच्या हातात द्या आणि तुमच्यादेखत त्यांनाच द्यायला लावा. मागच्या खेपेला मी हे विचारलं नाही. खंड्या या फिटच्या कुत्र्याला नेणारा दादा भला माणूस, कुत्र्यावर जीव, घड्याळ लावून गोळी द्यायचा. तो जत्रेला गावी गेला. घरच्यांनी गोळी भातात टाकली. खंड्यानं ताटली चाटून पुसून साफ केली आणि गोळी तेवढी कडेला काढून ठेवली, दोन्ही वेळेला. पुढं एकामागून एक फिट, रात्री डॉक्टरांना उठवा, सलाईन. वाचला, पण ते घर गेलं. चूक त्या घराची नव्हती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

फिनोबार्बिटोन ही फिटची गोळी दर 12 तासांनी लागते. ती एकदम थांबली तर फिट आधीपेक्षा जोरात येऊ शकते. पाच मिनिटांच्या वर चाललेली फिट म्हणजे थेट दवाखाना. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला ही गोळी देत नाही, म्हणून चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स द्या, त्यातली एक दुसऱ्या माणसाकडे. मधूनमधून रक्त तपासून यकृत बघावं लागतं, तो खर्चही आधीच सांगा.

गोळी द्यायची रीत अशी: जबडा वर उचला, गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवा, तोंड मिटून गळा चोळा, मग तोंड उघडून परत बघा. काहीजण गालात धरून ठेवतात आणि तुम्ही वळलात की अंगणात थुंकतात. पेढ्यात चालते, पण एखादा बिलंदर पेढाच सोलतो. दोघांनाही शिकवा. दोघांनाही.

मागचे पाय गेलेलं कुत्रं, कोल्हापूरजवळच्या हायवेवर शिरोली-उचगावकडून अशी येतच असतात, त्याची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हातानं दाबून काढावी लागते. हे बघून येत नाही, डॉक्टरांसमोर हात ठेवून शिकावं लागतं. एकच माणूस शिकला आणि तो आजारी पडला तर मूत्राशय तुंबतं. म्हणजे इथंही दुसरा माणूस. आणि गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाकायला लावा, तीन पायांच्यालाही त्याच लागतात.

खाण्याचं कोल्हापुरात स्पष्टच बोलावं लागतं. रविवारी मटण शिजलं की रस्साभात आणि हाडं कुत्र्याला, ही माया असते, त्यामुळं रागावून उपयोग नाही, कारण सांगा. कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, आणि गोचिडतापानं आधीच रक्त उतरलेलं असतं. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, आतडं फाडतं. द्राक्षं-बेदाणे मूत्रपिंडाला घातक, आणि सांगली शेजारीच असल्यानं ते घरोघरी डब्यात भरलेले असतात. पॅरासिटामॉल किंवा आपली दुसरी कुठली वेदनाशामक गोळी स्वतःच्या डोक्यानं द्यायची नाही. हे सगळं स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सांगा, फोनवर बोललेल्या पोराला नव्हे.

पुराच्या पट्ट्यातलं घर असेल, सुतारवाडा, कुंभार गल्ली, तर जून संपायच्या आत महिन्याचं औषध प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला लावा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला हायवे दिवसच्या दिवस बंद होता, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पाहुण्यांकडं हलायची वेळ आली तर कुत्रं कोण उचलणार, तिथं गोळी कोण देणार? हेही आत्ताच विचारा. हो, परत तेच.

फिटचं कुत्रं गणपती ते दिवाळी या काळात नवीन घरात पाठवू नका. डॉल्बी, फटाके, नवी जागा, सगळं एकदम नको.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला भेटा. आंधळ्या कुत्र्याच्या घरात सामान हलवू नका म्हणावं. रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या, फाईल, त्याची जुनी चादर सोबत. पहिला आठवडा रोज फोन, आणि एक फोन दुसऱ्या माणसाला. नाही जमलं तर परत आम्हालाच द्यायचं, रस्त्यावर सोडायचं नाही, हे लिहून सही घ्या. पिंजरा त्याच दिवशी परत आणा, त्यात लोक कांदे भरून ठेवतात.