जुना हॅम टॉवर नव्या घरी उभारताना

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या, अँटेनासाठी उभारलेल्या आणि आता उतरवलेल्या टॉवरची पारख रंगावरून करू नये. तिकोनी लॅटिस (जाळीदार सांगाड्याच्या) टॉवरचे पोकळ पाय आतून गंजतात, आणि वरून झिरपलेले पाणी तळाशी साचत असल्यामुळे सर्वांत वाईट गंज बहुधा जमिनीलगतच्या खंडातच सापडतो. प्रत्येक नळी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी: आवाज खणखणीत आला तर पुढची तपासणी करावी, बद्द आला किंवा आतून पापुद्रे गळाले तर तो खंड सरळ भंगारात द्यावा. वरून वेल्डिंगचे ठिगळ लावण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा.

बोल्ट, ताणतारा आणि क्लॅम्प नवेच घ्यावेत. पाया जुन्या मापावर न बेतता नव्या जागेची माती आणि वारा पाहून स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावा, व काँक्रीटला 28 दिवस मिळाल्यावरच त्यावर पूर्ण भार द्यावा. टॉवर कुठल्याही बाजूला कोसळला तरी अँटेनासकट विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही, अशीच जागा निवडावी.

अर्थिंगची तांब्याची तार जस्तलेपित पायाला थेट बांधू नये, कारण ओलाव्यात जस्त झिजते. मध्ये स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प घालावा.