फेक साइटची तक्रार होस्टिंगवाल्याकडे कशी करायची

केवायसी अपडेट, ई-चलान असल्या मेसेजमधली लिंक आपण डिलीट करून मोकळे होतो, पण ती साइट कुठल्यातरी कंपनीच्या (म्हणजे होस्टिंगवाल्याच्या) सर्व्हरवर चालूच असते, आणि त्या कंपनीला नीट कळवलं तर बऱ्याचदा ते उडवतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, हे सगळं नंतर.

लिंक उघडू नका, दाबून धरा आणि कॉपी करा. डोमेन, म्हणजे लिंकमधलं साइटचं नाव, हूइजमध्ये (नाव किंवा आयपी कुणाकडे नोंदलाय ते दाखवणारी सोय) टाकलं की रजिस्ट्रार दिसतो, म्हणजे नाव विकणारा, होस्टिंग दुसऱ्याचंच असू शकतं, इथेच लोक गंडतात. डोमेनचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, काढा (कॉम्प्युटरवरची एनएसलुकअप कमांड चालते) आणि तो आयपी परत हूइजमध्ये टाका, कंपनी आणि तिचा अब्यूजचा, म्हणजे गैरवापराच्या तक्रारींचा, ईमेल मिळेल. क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे मध्यस्थ म्हणून बसणारी कंपनी) आलं तर खरा सर्व्हर त्याच्या मागे लपलेला असतो, त्यांचा अब्यूज फॉर्म भरा, ते तक्रार मागच्या होस्टला पाठवतात.

आता मेल. नुसतं 'ही साइट फ्रॉड आहे' लिहून काही होत नाही. पूर्ण लिंक द्या, कारण पुष्कळदा साइट बिचाऱ्या कुणा दुकानदाराची असते, त्याचं जुनं वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) हॅक करून आत कुठल्यातरी फोल्डरमध्ये बँकेचं खोटं लॉगिन पेज ठेवलेलं असतं, होस्टवाला होमपेज बघतो, त्याला दुकानातल्या साड्या दिसतात, तक्रारीचं तिकीट बंद! काही पेजेस फक्त मोबाइलवर किंवा फक्त भारतातून उघडतात, तेही लिहा. कुठल्या बँकेची नक्कल, मेसेज कधी आला, मेसेजचा स्क्रीनशॉट, बास. लिंकमधल्या एचटीटीपीच्या दोन टींच्या जागी दोन एक्स टाका, नाहीतर तुमचाच मेल स्पॅममध्ये जायचा.

काही होस्ट मात्र मुद्दामच दाद देत नाहीत, त्यांचा धंदाच तो. कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या असल्याच होस्टचं कनेक्शन नोव्हेंबर २००८ मध्ये त्याला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या नेटवर्कवाल्यांनी तोडलं तेव्हा जगभरातला स्पॅम निम्म्याहून खाली आला होता, काही महिन्यांनी परत वाढला ते सोडा. जर्मनीत तर २०१९ मध्ये जुन्या लष्करी बंकरमधलं असंच एक डेटा सेंटर पोलिसांनी धाड घालून बंद केलं.

असा होस्ट भेटला तर रजिस्ट्रारला लिहा आणि गूगल सेफ ब्राउझिंगवर रिपोर्ट करा, क्रोममध्ये लाल वॉर्निंग आली तरी बरेच लोक फसण्यापासून वाचतात. साइट दोन दिवसांनी नव्या आयपीवर दिसली तर तोच मेल नव्या होस्टला.