स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वाचा-भाषा उपचार: सीमाभागात नव्याने काम करणाऱ्यांना

वाचा-भाषा उपचार म्हटलं की लोकांना उशिरा बोलणारी मुलंच आठवतात. ज्येष्ठांकडे फार थोडे जण वळतात, म्हणून हे लिहिते आहे. शिक्षणाचं थोडक्यात: चार वर्षांचं बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा विषयातली पदवी), त्यात एक वर्ष इंटर्नशिप, मग नोंदणी. म्हैसूरचं ‘आयिश’ (अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था) आणि मुंबईचं अली यावर जंग संस्थान या नावाजलेल्या संस्था.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खरी कसोटी भाषेची असते. घरात मराठी, शाळा कन्नड, बाजारात दोन्ही, टीव्हीवर हिंदी. म्हणून पहिल्या भेटीत चाचणी काढू नका. मुलाला, सुनेला विचारा: लहानपणी घरी काय बोलत? पैसे कुठल्या भाषेत मोजतात? देवापुढे मराठी अभंग म्हणतात की कन्नड वचनं? आजार वाढला की बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते, पण प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही. नुसत्या कन्नड चाचणीत गुण कमी पडले म्हणून आजार बळावला, असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं. हैदराबादला २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. शाळेत न गेलेल्यांतही. या भाषा रुग्णाची कमाई आहेत.

घरच्यांना शिकवणं हा अर्ध्याहून अधिक उपचार. ‘मी कोण, ओळखलंत का?’ ही परीक्षा थांबवायला सांगा. त्यापेक्षा ‘आई, मी सुमन, चहा आणलाय’ असं म्हणावं. एका वेळी एकच गोष्ट बोलायची आणि उत्तरासाठी थांबायचं. त्याआधी श्रवणयंत्र चालू आहे का, चष्मा पुसलाय का, ते बघा. सांभाळणारी बाई कन्नडच बोलत असेल तर तिला ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘लघवीला’ एवढं तरी मराठी शिकवा.

गिळणं हाही आपलाच प्रांत, आणि नवख्यांचं इथेच दुर्लक्ष होतं. ‘भाकरी खातात, पाण्याचाच ठसका कसा?’ असं घरचे विचारतात. पाणी झरकन सरकतं; श्वासनलिका झाकली जायच्या आत घशात उतरतं. भात आणि पातळ आमटी एकाच घासात असली तरी अवघड जातं. दाटसर नाचणीची आंबील किंवा गुरगुट्या भात अनेकांना सोपा पडतो, पण गिळणं तपासल्याशिवाय सगळंच दाट करू नका. जेवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका, दात आणि तोंड स्वच्छ ठेवा. ठसका न लागताही अन्न छातीत जाऊ शकतं. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता झाला किंवा वरचेवर ताप येऊ लागला, तर डॉक्टरांना कळवा.

शेवटच्या टप्प्यात ‘अन्नासाठी नळी घालायची का?’ हा प्रश्न येतोच. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. सावकाश हाताने भरवणंच सुचवलं जातं. निर्णय डॉक्टरांचा आणि घरच्यांचा. काय, किती, कसं भरवायचं हे मात्र तुम्ही लेखी द्या, मराठी आणि कन्नड दोन्हीत, म्हणजे भरवणारं कोणीही असलं तरी वाचता येईल.