आल्टो सॅक्सोफोनवाल्यांनो, ‘सेंट थॉमस’च्या नोटेशनचा कागद आधी नीट बघा

माझे दोन महिने वाया गेले, म्हणून लिहितोय.

सॅक्स शिकायला लागलं की कुणीतरी जॅझ वाजवणाऱ्या सॉनी रोलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हा अल्बम ऐकायला देतंच. २२ जून १९५६ ला न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमध्ये, रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यातल्या स्टुडिओत, पाचही तुकडे एका दिवसात झाले. टेनरवर (आल्टोपेक्षा मोठा, खालच्या सुराचा सॅक्स) रोलिन्स, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच. चारच माणसं, त्यामुळे कोण काय करतोय ते स्वच्छ ऐकू येतं.

माझ्याकडे होता आल्टो. त्या अल्बममधल्या ‘सेंट थॉमस’चं नोटेशन मिळालं ते टेनरचं. रेकॉर्ड लावून वाजवायला लागलो आणि सगळं बेसूर. वाटलं, ओठांची पकड चुकतेय. माउथपीस आतबाहेर सरकवला, रीड बदलली, वाद्य दुरुस्तीलाही नेलं. तेव्हाचे सर म्हणाले, “रियाज वाढव.” वाढवला. मग जास्त वेळ बेसूर वाजवलं. (‘रियाज वाढव’ एवढंच सांगणाऱ्याला एकदा समोर वाजवून दाखवायला सांगा.)

गोम अशी. सॅक्सवर बोटं धरलेला स्वर आणि कानाला ऐकू येणारा स्वर एक नसतो, आणि हा फरक टेनरवर वेगळा, आल्टोवर वेगळा. तुकडा आहे पेटीच्या पांढरी एकमध्ये, म्हणजे सी. त्यासाठी टेनरवर बोटं धरायची डीची आणि आल्टोवर एची. आल्टोवर डी धरलात की वाजते पांढरी चार. म्हणजे रेकॉर्डच्या मध्यमाला सा मानून तुम्ही बसलात! रियाजाने हे कसं सुटणार? कागदाच्या कोपऱ्यात वाद्याचं नाव छापलेलं असतं. ते वाचा. मग पेटीवर सा दाबून आपल्या सॅक्सवर तो शोधा. रोज. पाठ झाला तरी.

चूक झालीच तर घाबरू नका, बसलेली बोटं फुकट जात नाहीत. मला एमध्ये यायला आठवडाच लागला. टेनरचे अगदी खालचे स्वर आल्टोत नाहीतच, ते वरच्या सप्तकात घ्या.

वेग निम्मा करणारी ॲपं मला पटत नाहीत. स्वर हाती लागतात, रोचची लय जाते. रोलिन्स सोलो दोन स्वरांवर सुरू करतो आणि त्यांनाच उलटसुलट फिरवत राहतो. लय गेली की त्यात उरतं काय?

‘सेंट थॉमस’नंतर त्याच अल्बममधला ‘ब्लू सेव्हन’ घ्या. सुरुवातीला एकटा बास आहे, तो आधी गाऊन पाठ करा. अकरा मिनिटांपैकी मला अजून पहिली दोनच जमतात.