फॅरोला निघालात? आधी व्हिसाचं स्टिकर वाचा

ग्रिंड, म्हणजे व्हेल-डॉल्फिनचे कळप होड्यांनी खाडीत हाकून मारण्याची फॅरो बेटांवरची प्रथा, यावर जास्त सांगत बसत नाही. 12 सप्टेंबर 2021 ला फॅरो बेटांवर एका दिवसात 1,428 डॉल्फिन मारले, ती दृश्यं पाहूनच बहुतेक जण ग्रिंड थांबवायच्या मोहिमेकडे वळतात. मीही तसाच वळलो.

आता माझी चूक. फॅरो डेन्मार्कच्या राज्यात मोडतात, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. 'फॅरो बेटांसाठी वैध' असं स्टिकरवर छापलेलं लागतं. पुन्हा सांगतो, छापलेलं लागतं. मी आमच्या मोहिमेच्या समन्वयकाला विचारलं होतं. "काही होत नाही, आम्ही दरवर्षी जातो," म्हणाला. खरंच होतं ते, पण त्याच्या युरोपीय पासपोर्टसाठी! कोपनहेगनहून फॅरोच्या वागार विमानतळावर उतरलो, कुणी हटकलं नाही, आणि मी निर्धास्त झालो. नवव्या दिवशी खाडीच्या कडेला कॅमेरा घेऊन उभा होतो, तेव्हा पोलिसांनी पासपोर्ट मागितला. कळपाला हातही न लावता माझी मोहीम संपली. आता प्रत्येक व्हिसा फॉर्मवर 'कधी परत पाठवलं आहे का?' या प्रश्नापुढे 'हो' लिहितो आणि सोबत दीड पानाचा खुलासा जोडतो.

व्हेल-शिकारीविरुद्ध लढणारे कार्यकर्ते पॉल वॉटसन यांना 2024 च्या जुलैमध्ये ग्रीनलंडला जपानच्या वॉरंटवर पकडलं, डिसेंबरात सोडलं. प्रकरण होतं 2010 चं, अंटार्क्टिकातलं. त्यांच्यामागे वकिलांची फौज होती. तुमच्यामागे घरून आईचे फोन असतील. ग्रिंडच्या मध्ये पडणं तिथे गुन्हा आहे, हे माहीत असूनही पाण्यात उतरायचं असेल तर उतरा, पण "काही होत नाही" म्हणणाऱ्याचा पासपोर्ट आधी बघा.

घाबरवत नाहीये. मोहिमेच्या बोटींवर माणसं कमीच पडतात, आणि घोषणा देणाऱ्यांपेक्षा इंजिन दुरुस्त करणारा किंवा वीस जणांचं जेवण रांधणारा लवकर घेतला जातो. पोहता येत नसलं तरी चालतं; मलाही धड येत नाही. उलटीची लाज बाळगू नका, तीन दिवसांत पोट सरावतं.

मी हल्ली पुण्यात बसून ग्रिंडच्या चित्रफिती बघतो. वेळ, खाडी, होड्या किती, सगळं टिपून ठेवतो. कंटाळवाणं काम आहे, पण तारीख-वेळ नसलेली चित्रफीत कुणी पुरावा म्हणून धरत नाही.

परवा एका मुलीने व्हिसाचा फोटो पाठवला, "दादा, ठीक आहे ना?" म्हणून. स्टिकरवर फॅरोचं नाव नव्हतं. विमानाचं तिकीट मात्र काढून झालं होतं.