सोयाबीन शेंड्याकडून पिवळं पडतंय? युरिया फेकायच्या आधी पान नीट बघा

जुलैअखेर झड लागून राहिली की मराठवाडा-विदर्भात हेच सुरू होतं, सोयाबीन २५-३० दिवसांचं असतं, शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागतात, बांधावरनं बघून पोटात गोळा येतो आणि माणूस सरळ दुकानातून युरियाची गोणी उचलून आणतो. थांबा जरा. आधी वावरात उतरा आणि पिवळं पान वरचं आहे का खालचं ते बघा, निम्मा निकाल तिथंच लागतो.

नत्र कमी पडलं की झाड गप्प बसत नाही, जुन्या पानातलं नत्र काढून नव्या कोंबाला देतं, म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पानं आधी पिवळी होतात आणि शिरांसकट होतात. पालाश, मॅग्नेशियमची लक्षणंही खालूनच सुरू होतात. लोह मात्र एकदा जुन्या पानात गेलं की झाडाला ते तिथून फारसं हलवता येत नाही, त्यामुळे उपाशी राहतं ते नवं पान. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, फारच झालं तर पांढरट. गंधकाच्या कमतरतेतही वरचं पान पिवळं होतं पण त्यात शिराही पिवळ्या पडतात. आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील, पानामागं पांढरी माशी असेल तर तो पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग, त्याला कुठलंच खत चालत नाही, सुरुवातीलाच ती झाडं उपटून नष्ट करा आणि माशीचा बंदोबस्त करा.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. सोयाबीनला हे कळतं बरं का! लोह कमी पडायला लागलं की मुळं आम्ल सोडतात, अगदी लगतच्या मातीचा सामू खाली आणतात, मग मुळाच्या पृष्ठभागावरचं एक एन्झाइम फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे मुळाला घेता येणारं लोह करतं आणि ते आत ओढलं जातं. मका, गहू या पिकांची तऱ्हा वेगळी, ती मुळातून असं द्रव्य सोडतात की ते लोहाला धरतं आणि दोन्ही मिळून आत येतात, म्हणून चुनखडीत त्यांचं जरा बरं भागतं. चीनमध्ये तर असं दिसलंय की अशा जमिनीत एकटा घेतलेला भुईमूग पिवळा पडतो आणि मक्याच्या शेजारच्या ओळीतला हिरवा राहतो, मक्यानं मोकळं केलेलं लोह त्यालाही मिळतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आंतरपीक ठरवताना आपण भाव बघतो पण मुळं एकमेकांना काय देतात ते बघतच नाही.

मग पावसातच का पिवळं पडतं? पाणी साचलं की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, चुन्याशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि मुळांनी कष्टानं सोडलेलं आम्ल ते जागच्या जागी मारून टाकतं. त्यात वरून युरिया टाकला तर त्याचं नायट्रेट होतं, नायट्रेट घेताना मुळाजवळचा सामू उलट वाढतो, पिवळेपणा आणखी वाढतो आणि जास्तीच्या नत्रानं मुळांवरच्या, हवेतलं नत्र पकडणाऱ्या गाठींचं कामही मंदावतं. म्हणजे पैसे घालून नुकसान.

म्हणून पहिलं काम फवारा नाही, पाणी काढणं. चर काढा, वाफसा आला की कोळपणी करा, मातीत हवा खेळली की बरीच शेतं आपोआप हिरवी होतात.

शंका असेल तर ५० ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट १० लिटर पाण्यात, याच प्रमाणात थोडंसं पाणी बनवा, कापसाच्या बोळ्यानं पिवळ्या पानाच्या एकाच अर्ध्या भागाला लावा आणि त्या झाडाला खूण करा. चार-पाच दिवसात तेवढाच अर्धा भाग हिरवा व्हायला लागला तर दुखणं लोहाचंच. मग फवारणी करा, १० लिटरला आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि त्यात ५० ग्रॅम हिराकस, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पिवळेपणा राहिला तर ८-१० दिवसांनी परत. हिराकस फिकट हिरवं असलं पाहिजे, तांबूस-तपकिरी झालेलं घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणू दे, त्यातलं बरंचसं लोह कामातून गेलेलं असतं. या पाण्यात १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खत अजिबात मिसळू नका, स्फुरद आणि लोह मिळून तळाला साका बसतो.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं लोह घेणार असाल तर त्यातलं ईडीटीए प्रकारचं फवारणीला चालतं, पण आपल्या जमिनीत ते टिकत नाही, कॅल्शियम त्यातलं लोह हुसकावून लावतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं लागतं आणि ते महाग पडतं. नुसतं हिराकस मातीत फेकलं तर थोड्याच दिवसात परत अडकतं, त्यापेक्षा पुढच्या पेरणीला एकरी १० किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. त्याआधी उन्हाळ्यात माती तपासून घ्या, रिपोर्टमध्ये लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागात ४.५ भाग) खाली आहे का ते बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका, शेजारी सामू आणि मुक्त चुना किती लिहिलाय तेही वाचा, चुना जास्त असेल तर लोहाचा आकडा बरा असूनही पीक पिवळं पडू शकतं.